मोटारीची उंची आणि चार चाकांचा हिशेब

इंदूर शहरातून उत्तरेकडे सांवेरला आणि तेथून पुढे उज्जैनला जो रस्ता जातो, त्याच्या शहरालगतच्या भागाला इंदूरचे लोक सांवेर रोड म्हणतात. या रस्त्याच्या आसपास लहानमोठ्या कारखान्यांची विस्तीर्ण वसाहत उभी राहिलेली आहे. कच्चा माल आणणाऱ्या आणि पक्का माल नेणाऱ्या मालमोटारींची तेथे सदैव वर्दळ असते. रिकामी मालमोटार मागून उंच दिसते, भरलेली मागून दबते, आणि माल एका अंगाला अधिक रचला गेला असेल तर ती त्या अंगाला कलते, ही गोष्ट तेथे कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. माल चढविणारा हमालदेखील मोटारीकडे एकवार पाहून ओझे कोठे जास्त झाले ते अचूक सांगतो. मोटारीची उंची ही तिच्यावरील भाराची खूण आहे, हे ज्ञान त्याला अनुभवाने आलेले असते.

परंतु हीच गोष्ट घरच्या मोटारीच्या बाबतीत घडली म्हणजे शहाणीसुरती माणसेही हे ज्ञान विसरतात. समजा, कोणा हौशी गृहस्थाने एक जुनी ॲम्बॅसॅडर जिवापाड जपली आहे. एके सकाळी त्याच्या ध्यानात येते की, गाडी डाव्या अंगाला झुकली आहे. तो ती एखाद्या कार्यशाळेत नेतो. मिस्त्री खाली वाकतो, पुढच्या डाव्या चाकाची बाजू थोडी उचलून देतो, आणि गाडी दिसावयास सरळ होते. मालक समाधानाने घरी परततो. पुढे एके दिवशी पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर एखादे पोर आडवे येते, तो जोराने ब्रेक दाबतो, आणि गाडी सरळ न थांबता एकाएकी डावीकडे ओढली जाते. ब्रेक नवे, टायर चांगले, मग असे का व्हावे? याचे उत्तर त्या सरळ दिसणाऱ्या उंचीतच दडलेले आहे. ते समजून घ्यावयाचे तर मोटार चाकांवर कशी उभी राहते, तिची उंची कशी मोजावी आणि ती कोणत्या क्रमाने सुधारावी, या तीन गोष्टी पाहावयास हव्यात.

मोटारीचे धड चाकांवर थेट बसविलेले नसते. मध्ये स्प्रिंगा असतात. मालमोटारीच्या मागच्या बाजूस पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेले पाटे असतात. अनेक मोटारींना पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा असतात. याखेरीज तिसरा एक प्रकार आहे, तो म्हणजे पिळाचा दांडा, म्हणजेच टॉर्शन बार. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडविलेली ॲम्बॅसॅडर १९५७ साली आली आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन मे २०१४ पर्यंत चालले. या गाडीच्या मागच्या चाकांना पाटे होते, तर पुढच्या चाकांना वर्षानुवर्षे हे पिळाचे दांडेच होते.

पिळाच्या दांड्याची कल्पना अगदी साधी आहे. ओले धोतर पिळताना एक टोक एका हातात घट्ट धरून दुसरे टोक फिरवितात, तसाच हा प्रकार. एक लांब पोलादी दांडा गाडीच्या तळाशी लांबीच्या दिशेने बसविलेला असतो. त्याचे मागचे टोक तळाला पक्के जखडलेले असते आणि पुढचे टोक चाक धरून ठेवणाऱ्या बाहूला जोडलेले असते. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की बाहू फिरतो, त्याबरोबर दांडा पिळला जातो, आणि पीळ सोडविण्याच्या धडपडीत तो चाकाला पुन्हा खाली लोटतो. सुंभ जळले तरी पीळ जात नाही, अशी म्हण आहे. पोलादाच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे ओझे वाहून पीळ थोडा थोडा जातोच. दांडा किंचित सैलावतो आणि गाडी त्या बाजूस बसते. म्हणूनच जखडलेले टोक दात्यांवरून सरकवून किंवा बोल्ट फिरवून पुन्हा जागेवर आणण्याची सोय केलेली असते. आजच्या शर्यतीच्या गाड्यांत वेटोळ्याच्या स्प्रिंगेखाली आटे पाडलेली नळी आणि तिच्यावर फिरणारी कडी असते. तिचे कामही हेच.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. बोल्ट कसला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असे पुष्कळांना वाटते. हे खरे नाही. दांड्याचा ताठपणा त्याची लांबी, जाडी आणि पोलाद यांवर ठरतो. दांडा दहा टक्के जाड केला तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. परंतु त्याचे टोक कितीही फिरविले तरी तो मुळीच वाढत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच फेर दिला, तर दांड्यांवरचा भार पूर्वीइतकाच राहतो आणि म्हणून त्यांतील पीळही पूर्वीइतकाच राहतो. बदलते ती फक्त बाहूची जागा, म्हणजेच गाडीची उंची. आणि त्या उंचीची किंमत मोजावी लागते. चाकाला वर-खाली होण्यास जी एकूण जागा असते ती ठरलेली असते. गाडी उचलली तर चाकाला खाली सुटण्यास जागा कमी उरते, आणि गाडी बसविली तर वर येण्यास कमी उरते. उंची फुकट मिळत नाही. ती दुसऱ्या टोकाकडून उसनी घ्यावी लागते.

आता मोजण्याकडे वळावयास हरकत नाही. कापड मोजणारा आधी आपला गज तपासतो, तसे येथे आधी गाडीची अवस्था ठरवावी लागते. चारही टायरांतील हवा ठरलेल्या दाबाची आहे ना, चारही टायर एकाच मापाचे व साधारण सारखेच झिजलेले आहेत ना, हे पाहावे. डिक्कीतील सामान काढावे. स्टेपनी व हत्यारे मात्र नेहमीच्या जागी असू द्यावीत. टाकीत पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवावे, कारण ४० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३० किलो भरते. गाडीची उंची सांगताना ती रिकामी होती की भरलेली, हे न सांगणे म्हणजे ताप सांगताना औषध घेतले होते की नाही हे न सांगण्यासारखे आहे. सरकारी करांतही हा प्रश्न उभा राहिला होता. जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५० व्या बैठकीत, अधिक कराला पात्र ठरणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी जमिनीपासूनची १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक मोकळी उंची ही रिकाम्या गाडीची समजावी, असे स्पष्ट करावे लागले.

दुसरी गोष्ट जमिनीची. कार्यशाळेची फरशी पाणी वाहून जाण्यासाठी पुष्कळदा मुद्दाम उताराची केलेली असते. सर्वत्र सारखा आणि सौम्य असलेला उतार फारसे नुकसान करीत नाही. फसविते ती एका चाकाखालची खोलगट जागा. चार चाके जेथे टेकतात त्या चार जागा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासाव्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते, या जुन्या नियमाने मिलिमीटरचा फरकही लक्षात येतो. जेथे जमीन खाली असेल तेथे योग्य जाडीचा पत्रा ठेवावा. याहून सोपी कसोटीही आहे. तराजू खोटा आहे की माप खोटे आहे, हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक पारडी बदलावयास सांगते. तसेच येथे करावे. एकदा उंची मोजून झाली की गाडी त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करावी आणि पुन्हा मोजावी. खाली बसलेला कोपरा गाडीबरोबर फिरला तर दोष गाडीचा. तो जागेवरच राहिला तर दोष जमिनीचा.

तिसरी गोष्ट म्हणजे फीत कोठे लावावी. सामान्यतः लोक जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. या मापात टायरची झीज आणि हवा या दोन्ही गोष्टी मिसळतात. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजले तर टायरचा दोष वगळला जातो. तरीही मडगार्ड स्वतःच खरे असेल याची शाश्वती नसते. कधी काळी धडक बसून नवे बसविलेले मडगार्ड पाच-दहा मिलिमीटर वर-खाली असणे अगदी संभवनीय आहे. म्हणून गाडीच्या तळातील ठरावीक बिंदूपासून, किंवा बाहूच्या दोन टोकांतील उंचीच्या फरकावरून माप घेणे अधिक खात्रीचे. कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असे बिंदू दिलेले असतील तर तेच प्रमाण मानावे.

चौथी गोष्ट धीराची. जॅकवरून उतरविलेली गाडी लगेच खरी उंची दाखवीत नाही. चाके जमिनीवर टेकताना किंचित आत ओढलेली असतात आणि टायर घसरल्याशिवाय ती सुटत नाहीत. यास्तव गाडी दोन-चार हात पुढे-मागे ढकलावी, दोन्ही टोकांना हाताने दाबून सोडावी, आणि मगच मोजावे. असे तीन वेळा करून माप जुळले तरच ते वहीत लिहावे. हे न करता बोल्ट फिरविणारा मिस्त्री गाडीची उंची सुधारीत नसतो, तर टायराच्या घर्षणाशी झगडत असतो.

मोजमाप झाले. गाडी डावीकडे मागच्या बाजूस बसली आहे, हे नक्की झाले. आता पुढचा डावा दांडा पिळून ती सरळ करावी काय? येथेच त्या ओल्या रस्त्यावरील प्रसंगाचे मूळ आहे.

शाळेतील तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर न डुगडुगता उभी राहते. चार पायांच्या स्टुलाचे तसे नसते. त्याचा एक पाय आखूड असला की त्या पायावरचे ओझे कमी होतेच; पण गंमत अशी की, त्याच्या समोरच्या कर्णावरील पायावरचे ओझेही कमी होते, आणि उरलेले दोन पाय जास्त भार उचलतात. मोटारही चार पायांचे स्टूलच आहे; तिच्या पायांत स्प्रिंगा असल्यामुळे ती डुगडुगत नाही, इतकेच. मागचा डावा पाटा थकला म्हणजे तो पाय आखूड झाला. त्यामुळे मागचे डावे आणि पुढचे उजवे ही दोन चाके हलकी झाली. पुढचे डावे आणि मागचे उजवे जड झाले. मिस्त्रीने पुढची डावी बाजू उचलली, म्हणजे आधीच जड असलेला पाय आणखी लांब केला. गाडी दिसावयास सरळ झाली, परंतु दोष मिटला नाही. तो दुप्पट झाला.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. समजा, चालकासह गाडीचे वजन १२०० किलो आहे आणि चार चाकांखाली चार काटे ठेवले आहेत. पुढच्या डाव्या चाकाखाली ३४५, पुढच्या उजव्याखाली २९५, मागच्या डाव्याखाली २४५ आणि मागच्या उजव्याखाली ३१५ किलो भरतात. पुढची दोन मिळून ६४०, मागची दोन मिळून ५६०. डावीकडची दोन मिळून ५९०, उजवीकडची ६१०. चालक उजवीकडे बसतो हे ध्यानात घेता यात वावगे काही नाही. येथवर सर्व ठीक दिसते. परंतु कर्णांची बेरीज करून पाहावी. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ६६०. पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून केवळ ५४०. दोन्ही कर्ण प्रत्येकी ६०० असावयास हवे होते. एका कर्णावर ६० किलो जास्त, दुसऱ्यावर तितकेच कमी. आता जोराचा ब्रेक लागला की दोन्ही पुढच्या चाकांना सारखाच अटकाव होतो, पण हलके असलेले उजवे चाक रस्ता कमी धरते आणि आधी घसरते. डावे चाक रस्ता धरून ठेवते. परिणामी गाडी डावीकडे वळते. ब्रेकचा त्यात काही अपराध नसतो.

या हिशेबात एक नियम लपलेला आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्प्रिंगांची उंची बदलून पुढच्या दोन चाकांची बेरीज बदलता येत नाही, मागच्या दोघांची नाही, डाव्या किंवा उजव्या बाजूचीही नाही; त्या बेरजा सामान कोठे आहे आणि माणूस कोठे बसला आहे यांवर ठरतात. बदलता येतात ते फक्त कर्ण. वरील गाडी नीट केली तर काटे पुढे ३१५ आणि ३२५, मागे २७५ आणि २८५ दाखवितील. पडताळून पाहावे: सर्व बाजूंच्या बेरजा जशाच्या तशा राहिल्या आहेत आणि कर्ण मात्र सारखे झाले आहेत.

चार काटे सर्वत्र मिळत नाहीत. एकच काटा असेल तर उरलेल्या तीन चाकांखाली काट्याइतक्याच उंचीच्या फळ्या ठेवून एकेक चाक क्रमाने तोलता येते. काटाच नसेल तर अपराधी पुढे आहे की मागे, हे शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. ज्या गाडीच्या मागे सलग ॲक्सल असतो, तिच्या पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून, मागच्या ॲक्सलच्या मध्यावर जॅक लावावा आणि मागची चाके जमिनीवरून जेमतेम सुटतील इतकीच उचलावी. आता मागची बाजू एका बिंदूवर तोलली गेली. तिवईचा तिसरा पाय झाली. गाडीचा कल नाहीसा झाला तर दोष मागच्या स्प्रिंगांत. तसाच राहिला तर पुढच्या. हे चालू असताना गाडीखाली कोणीही शिरू नये, हे वेगळे सांगावयास नको.

सुधारणेचा क्रमही यावरून आपोआप ठरतो. प्रथम कारण शोधावे. तुटलेली पाट्याची पट्टी, थकलेली स्प्रिंग, फाटलेले रबरी बुश ही बोल्ट फिरवून बरी होत नाहीत. ती बदलावीच लागतात, आणि पाटे किंवा स्प्रिंगा बदलताना दोन्ही बाजूंच्या जोडीने बदलाव्यात. मगच उंची जुळवावी. प्रत्येक वेळी थोडाच फेर द्यावा, गाडी पुढे-मागे ढकलावी, पुन्हा मोजावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवरच शेवटचे आवळावे. जॅकवर लोंबत्या चाकांनी आवळले तर खाली उतरताच रबर पिळले जाते. ते काही काळ गाडीला खोटी उंची देते आणि मग फाटते. उंची ठरल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करावे, आधी नव्हे. कारण उंची बदलली की चाकांची तोंडे आत-बाहेर होतात आणि टायर एका कडेने झिजू लागतात.

सर्वांत शेवटी दिवे. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीचे पुढचे टोक दोन सेंटिमीटर उचलले, तर पंचवीस मीटरवर प्रकाशाचा झोत वीस सेंटिमीटर वर जातो, कारण पंचवीस मीटर हे अडीचच्या दसपट आहे. आपल्या गाडीच्या रुबाबासाठी उचललेले दोन सेंटिमीटर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे डोळे दिपवितात. ही गोष्ट मालकाला कधीच दिसत नाही, कारण तो त्या दिव्यांच्या मागे बसलेला असतो.

उंची आपोआप राखणारी गाडी असू शकेल काय, हा प्रश्न फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९५५ साली आपल्या डीएस या मोटारीने सोडविला. तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी दाबलेला वायू आणि तेल यांची योजना होती. माणसे बसली की गाडी दबे, आणि तेलाचा दाब वाढून ती पुन्हा मूळ उंचीवर येई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, उंचीवर नजर ठेवणारी यंत्रणा चार चाकांना चार नव्हती; पुढच्या जोडीसाठी एक आणि मागच्या जोडीसाठी एक, अशा दोनच होत्या. प्रत्येक कोपरा स्वतंत्रपणे उचलण्याचा मोह त्या अभियंत्यांनीदेखील टाळला होता.

आपल्याकडे हा मोह अलीकडे वाढला आहे. काहींना गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली हवी असते, काहींना डोंगर चढेल इतकी वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो. परंतु गल्लीबोळांतले गतिरोधक या शिफारशीची पर्वा करीत नाहीत, हे प्रत्येक वाहनचालक जाणतो. म्हणून वर उचलण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. तथापि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या वेळी असलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदाराच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. यामागे केवळ कायद्याचा हट्ट नाही. इंदूरजवळच पीथमपूर येथे वाहनांच्या चाचणीचे जे राष्ट्रीय केंद्र आहे, तेथील ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी गाडीची परीक्षा होते ती तिच्या ठरलेल्या उंचीवर. ती उंची बदलली की ती परीक्षा त्या गाडीपुरती रद्द झाली, असेच समजावे. थकलेली गाडी तिच्या मूळ उंचीवर परत आणणे ही दुरुस्ती; तिला मुळात नसलेली उंची देणे हा प्रयोग, आणि तो प्रयोग रस्त्यावरच्या इतर लोकांच्या जिवावर होत असतो.

सांवेर रोडवरचा हमाल कललेली मालमोटार पाहून तिची स्प्रिंग पिळावयास जात नाही. तो दोरी सोडतो, पोती हलवितो, ओझे सारखे करतो, आणि मग मोटार आपोआप सरळ उभी राहते. घरच्या मोटारीचा न्यायही याहून निराळा नाही. गाडी कशी दिसते हे डोळ्यांनी समजते. ती कशी उभी आहे हे मात्र चारही चाकांना वेगवेगळे विचारावे लागते.